आजोबांची वही आणि यंत्राची नोंद

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत देवणीतल्या एका वाचनालयाची पुस्तकं संगणकावर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मी मराठीचा मास्तर, घर वाचनालयापासून दोन गल्ल्यांवर आणि सुट्टीत रिकामा. ग्रंथपाल म्हणाले, "सर, तुम्ही नुसतं बसा, बाकी पोरं करतील." अशा वाक्यांचा अर्थ मला तीस वर्षांच्या नोकरीत कळलेला आहे, तरी मी हो म्हणालो.

वाचनालय छोटं आहे. चार हजारांच्या आत-बाहेर पुस्तकं, सहा लोखंडी कपाटं, एक लाकडी, आणि दाखल नोंदवहीचे तीन जाड खंड. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या नियमांनी आपल्याकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले. आमचं त्यातल्या तळाच्या वर्गातलं. ग्रंथपालांना जे मिळतं त्याला पगार म्हणायला जीभ वळत नाही. अशा ठिकाणी प्रत्येक पुस्तकाचं शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, पानं, विषय आणि वर्गांक भरून यादी करायची, म्हणजे शिकलेल्या माणसाचं काही महिन्यांचं काम. आम्ही पहिले चार दिवस हाताने केलं. दिवसाला वीस-पंचवीस पुस्तकं व्हायची आणि संध्याकाळी मान आखडायची.

पाचव्या दिवशी माझा भाचा आला. पुण्यात शिकतो. त्याने आमचं काम पाहिलं आणि म्हणाला, "मामू, हे फोटो काढून एआयला द्या ना. तो टेबल करून देईल." पुस्तकाच्या आतल्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायचा, यंत्राला द्यायचा, आणि सांगायचं की यातून ग्रंथालयाची नोंद बनव. पहिल्या दिवशी दीडशेच्या वर पुस्तकं झाली. जुन्या टायपातली, शाई उडालेली, 'किंमत दोन रुपये चार आणे' अशी पानंसुद्धा त्याने वाचली. शीर्षकं जवळपास सगळी बरोबर, प्रकाशक बरोबर, शक सनाचं इसवी सन करून दिलेलं तेही बरोबर. ग्रंथपालांनी त्या संध्याकाळी स्वतःच्या पैशाने भजी आणली. त्या दिवशी आम्ही तिघेही खूश होतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहिणार आहे त्यावरून मी यंत्राच्या विरोधात आहे असं कुणाला वाटू नये.

गडबड विषयाच्या रकान्यात होती.

तपासायला म्हणून मी यादी खाली सरकवत होतो. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' दिसला. सतराव्या शतकातला, ओवीबद्ध, मराठी संतसाहित्यात ज्याचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही असा ग्रंथ. विषय: 'इस्लाम – सूफी पंथ'. बरं, हे अगदीच चूक म्हणता येत नाही. त्यांचं कादरी सूफी परंपरेशी नातं अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. पण मराठी काव्याचा उल्लेखही नाही? खाली आलो. हमीद दलवाईंची 'इंधन'. १९६५ सालची कादंबरी. विषय: 'मुस्लिम समाज – सुधारणा'. भाचा म्हणाला, "मामू, पेट्रोल-डिझेलमध्ये नाही टाकलं हेच नशीब." अमर शेखांच्या 'कलश' या कवितासंग्रहाला लावलं होतं 'इस्लामी काव्य'. बार्शीचा हा शाहीर, मूळचा मेहबूब हुसेन पटेल, आयुष्यभर कामगारांसाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी डफावर थाप मारत राहिला. त्याच्या कवितेत इस्लाम शोधायला यंत्राला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्याने नाव वाचलं.

मग मी मुद्दाम शोधत गेलो. आमच्याकडे मुसलमान लेखकांची मराठी पुस्तकं साठ-सत्तर असतील. कथा, कविता, आत्मकथनं, एक शेतीवरचं, एक होमिओपॅथीचं. त्यातल्या निम्म्याहून अधिक पुस्तकांच्या विषयात 'इस्लाम' किंवा 'मुस्लिम' आलं होतं. होमिओपॅथीचं पुस्तक मात्र सुटलं. शेतीवरच्या पुस्तकाला दोन विषय होते, कोरडवाहू शेती आणि अल्पसंख्याक. कोरडवाहू शेती करणारा अल्पसंख्याक असतो हे एका अर्थी खरंच आहे, पण त्या लेखकाला तो अर्थ अभिप्रेत नव्हता.

हे का होतं ते समजून घ्यायचा मी प्रयत्न केला. हे यंत्र आपण वाचतो तसं वाचत नाही. कोट्यवधी पानांत कोणत्या शब्दापाठी कोणता शब्द येतो याचा त्याला अंदाज असतो आणि त्या अंदाजावर ते पुढचा शब्द ठेवत जातं. 'शेख', 'सय्यद', 'पठाण' या शब्दांपाठी त्याने आजवर काय पाहिलं असेल? आणि आम्ही त्याला दिलं तरी काय होतं? फक्त आतलं पान. पुस्तक कशाबद्दल आहे हे त्या पानावर नसतं. तालिका करणारा माणूस पुस्तक उलटतो, अनुक्रमणिका बघतो, प्रस्तावनेची दोन पानं वाचतो, मग ठरवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही प्रत्येक पुस्तकाची अनुक्रमणिका आणि मलपृष्ठही द्यायला लागलो, तेव्हा चुका बऱ्याच कमी झाल्या. म्हणजे अर्धा दोष आमच्या आळसाचा होता.

उरलेल्या अर्ध्याचं मूळ मला दाखल नोंदवहीत सापडलं. जुन्या खंडात, निळ्या शाईत, वळणदार अक्षरात पूर्वीच्या कुणा ग्रंथपालाने विषयाचा रकाना भरलेला आहे. 'इंधन'समोर लिहिलं आहे: 'मुस्लिम'. एवढंच. कादंबरी नाही, मराठी नाही. दोन पानांनंतर साने गुरुजींचं 'इस्लामी संस्कृती' आहे. त्याच्यासमोर लिहिलं आहे: 'साने गुरुजी'. ते पुस्तक आजही साने गुरुजींच्या कपाटात आहे, 'श्यामची आई'च्या शेजारी. म्हणजे इस्लामवरचं पुस्तक कुठे, तर बालवाचकांच्या कपाटात, आणि कोकणातल्या माणसांवरची मराठी कादंबरी कुठे, तर 'मुस्लिम'. यंत्राने साने गुरुजींचं पुस्तक मात्र बरोबर ओळखलं, कारण शीर्षकातच शब्द होता. तो निळ्या शाईचा रकाना बघून माझा यंत्रावरचा राग निम्मा उतरला. असल्याच रकान्यांतून ते शिकलं असणार.

इथे मला माझ्याच मनाशी थोडं भांडावं लागलं. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. आमच्या लातूरकडचे कवी फ. म. शहाजिंदे त्याचे अध्यक्ष होते. 'मुस्लिम मराठी' हे नाव आपण स्वतः घेतलं. घ्यावं लागलं, कारण मराठी साहित्याच्या इतिहासात आपण कुणाला दिसतच नव्हतो. अशा संमेलनांना मी गेलो आहे, सतरंजीवर बसून कविता ऐकल्या आहेत आणि पुढेही जाईन. मग कपाटावर तेच नाव दिसलं की का टोचतं? मला वाटतं, नाव आपण घेतलं होतं ते मराठीच्या दालनात जागा मागायला. कपाटावरचं नाव वाचकाला सांगतं की मराठी कादंबऱ्या तिकडे आहेत, इकडे दुसरं काहीतरी आहे. दुपारी कादंबरी मागायला येणारी पोरगी कादंबरीच्या कपाटाशी जाते. तिथे दलवाई नसतील तर तिच्यापुरते ते नाहीतच.

यावर ग्रंथालयशास्त्रात सरळ उपाय आहे आणि तो जुना आहे. वर्गांक एकच असतो, कारण पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं. विषयशीर्षकं मात्र कितीही देता येतात. कार्डांच्या काळात प्रत्येक जादा विषयासाठी एक जादा कार्ड लिहावं लागायचं, म्हणून लोक कंजूषी करायचे. संगणकात ते फुकट आहे. आम्ही ठरवलं की भाषा आणि साहित्यप्रकार आधी. ड्यूईच्या पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६, तो दलवाईंनाही, अमर शेखांनाही, शेख महंमदांनाही. आशयात असेल तर 'मुस्लिम समाजजीवन' हे विषयशीर्षक शेजारी. फक्त नावात असेल तर काहीच नाही. (ड्यूईसाहेबांनी १८७६ साली मांडलेल्या या पद्धतीत धर्माच्या घरातल्या बहुतेक खोल्या ख्रिस्ती धर्माला आहेत आणि अख्खा इस्लाम २९७ या एका अंकात कोंबलेला आहे, हे कळल्यावर ग्रंथपाल म्हणाले, "म्हणजे तिकडं पण आपल्यासारखंच कपाट आहे म्हणा की.")

नावांचा घोळ निराळाच. मराठवाड्यात आपली नावं शाळेच्या हजेरीत कशी पडतात हे ज्याला माहीत आहे त्याला नवल वाटणार नाही. एकाच घरात एक भाऊ 'शेख' पुढे लावतो, दुसरा मागे, तिसऱ्याच्या दाखल्यावर बापाचंच नाव आडनाव झालेलं असतं. यंत्राने अमर शेख एकदा 'शेख, अमर' केले, एकदा 'अमर शेख'. शेख महंमद हे 'महंमद, शेख' झाले, म्हणजे जणू कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराचं नाव. महंमद, महमद, मोहम्मद, मुहम्मद असे ज्या पुस्तकावर जसं छापलं तसे चार वेगळे लेखक तयार झाले.

पण कळस झाला तो शहा मुंतोजींच्या बाबतीत. कल्याणीजवळच्या नारायणपूरचा हा मराठी संतकवी. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आमच्या सीमेपलीकडचं. बहामनी राजघराण्याशी त्यांचं नाव जोडलं जातं. अध्यात्माच्या वाटेवर ते 'मृत्युंजय' झाले. आमच्याकडे संतकवींवरची दोन जुनी पुस्तकं आहेत, एकात ते मुंतोजी म्हणून येतात, दुसऱ्यात मृत्युंजय म्हणून. यंत्राने दोन माणसं केली. एकाला धर्माच्या बाजूने इस्लाम दिला, दुसऱ्याला हिंदू. चारशे-पाचशे वर्षांपूर्वी एका माणसाने जे एका देहात सांभाळलं होतं त्याची आमच्या यादीत वाटणी झाली. मी दोन्ही नोंदी एकत्र केल्या, दोन्ही नावं ठेवली, आणि एकावरून दुसऱ्याकडे जाण्याची खूण घातली. मोठ्या ग्रंथालयांत यासाठी नावांची वेगळी प्रमाण यादी सांभाळतात. आमची प्रमाण यादी म्हणजे शंभर पानी वही.

अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही हे करून पाहिलं. २०२२ पासून त्यांनी सुमारे तेवीस हजार ई-पुस्तकांवर निरनिराळी यंत्रं चालवली. शीर्षक, लेखक, क्रमांक यांत निकाल बरे आले, विषयाच्या बाबतीत कच्चे राहिले, आणि मग माणसाला मध्ये बसवून काम कसं करता येईल याचे प्रयोग त्यांनी केले. ते वाचून मला बरं वाटलं. देवणीत जे अडलं तेच वॉशिंग्टनमध्ये अडलं.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

वाचनालयाचं काम मार्गी लागल्यावर मला हाव सुटली. आमच्या घरी माळ्यावर दादांची, म्हणजे अब्बांच्या वडिलांची, पत्र्याची पेटी आहे. दादा निजामाच्या राजवटीत शिकले. तेव्हा देवणी हैदराबाद संस्थानात होती, शाळा उर्दू, कचेरी उर्दू. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान गेलं, पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि मी मराठी शाळेत गेलो. मला कुराण वाचता येतं, कारण त्यात जेर-जबर लावलेले असतात आणि लहानपणी मौलवीसाहेबांनी छडीने ते बसवलं आहे. पण हाताने झरझर लिहिलेली उर्दू, जिच्यात नुक्ते अर्धे गाळलेले असतात, ती मला वाचता येत नाही. अब्बांना थोडीफार यायची. ते गेले. पेटीत दहा-बारा छापील पुस्तकं आणि एक लांबोडकी, पुठ्ठा निसटलेली वही. तीस वर्षं मी ती पेटी दर रमजानच्या आधी पुसतो आणि परत ठेवतो.

भाच्याला म्हटलं, काढ फोटो.

छापील पुस्तकांचं ठीक झालं. दीनियात, एक गुलिस्ताँ, हकिमीची दोन. एका पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं होतं. त्याचंही यंत्राने लेखक, छापखाना, वर्ष सगळं भरून दिलं: नवल किशोर प्रेस, लखनौ. छापखाना खरा, मोठा, तिथे अशी हजारो पुस्तकं छापली गेली. पण पान फाटलेलं आहे, तर याने वाचलं कुठून? भाच्याने विचारलं तेव्हा त्याने माफी मागितली आणि दुसरा छापखाना सांगितला. वाचनालयाच्या यादीतही मग मी परत जाऊन पाहिलं, तर जिथे जिथे पानं गहाळ तिथे तिथे याने रकाना रिकामा ठेवलाच नव्हता.

मग वही. यंत्राचं उत्तर मी अजून जपून ठेवलं आहे: 'उर्दू काव्याची हस्तलिखित वही. विविध शायरांचे निवडक शेर. विषय: गझल. काळ: हिजरी १३५२, म्हणजे इसवी सन १९३३-३४.' आणि एका ओळीचं वाचन: पानोपानी 'शुअरा', म्हणजे कवी, हा शब्द येतो.

मी ते वाचलं आणि खरं सांगतो, घशात दाटून आलं. दादा मला अंधुक आठवतात. पांढरा रुमाल, तंबाखूचा वास, बैलाच्या पाठीवरून फिरणारा हात. त्यांच्या पेटीत गझला! मला वाटलं, मी जो मराठीत चार ओळी लिहितो त्याचा उगम सापडला. आठ दिवस मी हे सगळ्यांना सांगितलं. लातूरला मोठ्या बहिणीला फोन केला. शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना फोटो दाखवले. त्यातल्या एकाने तर माझ्या दादांवर लेख लिहा म्हणून सांगितलं.

फक्त अम्मीला ते पटलं नाही. ती चुलीपाशी बसून म्हणाली, "शायर कायके? बैलां बेचते थे तुमारे दादा." मी म्हटलं, "अम्मी, बैल विकणारा माणूस शेर लिहून ठेवू शकत नाही का?" तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

नवव्या दिवशी मी वही घेऊन उदगीरला गेलो. तिथे एक निवृत्त उर्दू शिक्षक आहेत, सगळे त्यांना मास्साब म्हणतात. ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान डोळ्यांजवळ धरलं, आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. म्हणाले, "बेटा, ये शुअरा नहीं, शेवरा है. शेवरा!"

देवणी गायीच्या जातीचं नाव आमच्या गावावरून पडलं हे पुष्कळांना माहीत असतं. त्या जातीत रंगावरून तीन प्रकार मानतात. वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं. बालंक्या, जवळजवळ सगळा पांढरा. आणि शेवरा, पांढऱ्यावर काळे ठिपके विखुरलेले. उर्दूत घाईने 'शेवरा' लिहिलं आणि नुक्ते गाळले तर ते 'शुअरा'च्या फार जवळ जातं. यंत्राला शेवरा माहीत नव्हता, शायर माहीत होते. उर्दूतली जुनी वही आहे, तर तिच्यात शायरीच असणार, हा त्याचा हिशेब.

आणि माझाही. हे मला मास्साबांच्या ओट्यावर बसल्या बसल्या कळलं आणि कान गरम झाले. नुसत्या नावावरून अमर शेखांना इस्लामी कवी ठरवलं म्हणून मी यंत्रावर चिडलो होतो. इकडे नुसत्या लिपीवरून मी माझ्या सख्ख्या आजोबांना शायर करून टाकलं होतं. अम्मीने सांगूनसुद्धा.

मास्साबांनी दोन तास वही वाचली. बाजारनिहाय हिशेब आहे. देवणीचा बाजार, हाळीचा बाजार, सीमेपलीकडचा भालकीचा. प्रत्येक ओळीत जनावराचा रंग, दात, कुणाकडून घेतलं, कुणाला दिलं. दात लिहिताना 'आदत', 'दुसा', 'चौसा', 'जुळला' हे आपले मराठी शब्द, उर्दू लिपीत. एका हेड्याबद्दल शेरा आहे, तो मी इथे लिहीत नाही, त्याचे नातू देवणीत आहेत. रकमा आकड्यांत नाहीत, जुन्या फारसी हिशेबाच्या चिन्हांत आहेत. ती चिन्हं निजामाच्या दफ्तरात चालायची. यंत्राने त्यांनाही अक्षरं समजून शेरात बसवलं होतं. आणि १३५२ हे हिजरी नाही. संस्थानाचा कारभार फसली सनावर चालायचा. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे ऑक्टोबर १९४२ पासूनचं वर्ष. यंत्राचं उत्तर नऊ-दहा वर्षांनी चुकलं होतं. दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाचे बैलांचे भाव त्या वहीत आहेत, हाली सिक्क्यात, आणि भालकीच्या एका व्यवहारात 'कलदार' असं वेगळं लिहिलेलं आहे. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे मास्साबांना अजून तोंडपाठ.

परतीच्या एसटीत मी थोडा हिरमुसलो होतो, हे लपवत नाही. शायर दादा आठच दिवस मिळाले होते. पण तळेगावच्या पुढे अंधार पडायला लागला तेव्हा मला एकदम वाटलं, शेरांच्या वह्या हजारो आहेत. उर्दू लिपीत, दखनी बोलीत, मराठी शब्द घालून लिहिलेला देवणी बैलांच्या बाजाराचा हिशेब कुणाकडे असेल?

शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची सूची केली, आणि नंतर १९५० पर्यंतची. संगणक नाही, टाइपरायटरसुद्धा असेल-नसेल. गावोगावच्या ग्रंथालयांतून पुस्तकं हातात घेऊन त्यांनी नोंदी केल्या. कॉलेजात असताना त्या सूचीचे खंड मी पाहिले होते आणि इतक्या कोरड्या कामात माणूस उभं आयुष्य कसं घालवतो याचं नवल वाटलं होतं. आता वाटत नाही. पुस्तक हातात घेतलं की ते जड आहे का, कुठे वाळवी लागली आहे, कुणी समासात काय लिहिलं आहे, हे कळतं आणि मग माणूस घाईने विषय लिहीत नाही.

वाचनालयाच्या यादीत आम्ही एक जादा रकाना घातला: 'कोणी पाहिलं'. यंत्राने भरलेली नोंद कुणी पुस्तक हातात धरून तपासली असेल तर त्याची आद्याक्षरं. नसेल तर 'यं'. जून उजाडेपर्यंत चौदाशे पुस्तकांपुढे माणसांची आद्याक्षरं पडली, बाकी सगळे 'यं' आहेत आणि ते तसे दिसतात. आज्ञावलीला वर्षाचा रकाना रिकामा चालत नाही, तिथे आम्ही चार शून्यं टाकतो. वरून कुणीतरी विचारणार आहे की ही शून्यं कशाची. विचारू देत.

दादांच्या वहीची नोंद मी स्वतः केली. शीर्षक: 'जनावरांच्या खरेदी-विक्रीची वही'. भाषा: दखनी व मराठी. लिपी: उर्दू. काळ: फसली १३५२ पासून. विषय: देवणी गोवंश, जनावरांचे बाजार, हैदराबाद संस्थान, व्यापार व नाणी. धर्माचा रकाना आला तेव्हा क्षणभर थांबलो आणि तो रिकामा ठेवून पुढे गेलो.

मास्साब आता दर जुम्म्याला नमाजनंतर मला फोनवर अर्धं पान वाचून देतात. मी फोटो पाठवतो, ते वाचतात, मी मराठीत उतरवतो, आणि अम्मी शेजारी बसून ऐकते. परवा एका शेवऱ्याच्या जोडीची ओळ आली. मास्साबांनी रक्कम दोनदा वाचली, एकशे नव्वद हाली. अम्मीने मला खुणेने फोन जवळ आणायला सांगितला आणि विचारलं, "चराई का खर्चा पकड के, या छोड के?"

मास्साब म्हणाले, पुढच्या पानावर असेल, बघून सांगतो.